वर्षातून 46 रात्री: डोंबिवलीतल्या एका बंद खोलीचं प्रकरण

कोकणातल्या घरांत "मुंबईची खोली" हा शब्द अजून चालतो, मग ती खोली डोंबिवलीला असो, दिव्याला असो की विरारला. नोकरी असेपर्यंत खोलीत राहायचं आणि मे महिना, गणपती, शिमगा गावी करायचा, हा जुना क्रम. निवृत्तीनंतर तो उलटतो. बिऱ्हाड गावी जातं आणि खोली उरते कामापुरती. अशा उरलेल्या खोलीचं पुढे काय होतं, याचा हा एक अभ्यास. माणसं आणि घर नमुन्याचं आहे, रकमा हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेल्या आहेत. बिघाड मात्र डोंबिवली-कल्याणच्या जुन्या इमारतींत नेहमी घडतात तेच.

घर असं: डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत 12 मिनिटं. 1989 सालची तळमजला अधिक तीन अशी इमारत, लिफ्ट नाही, 16 बिऱ्हाडं. दुसऱ्या मजल्यावर रूम-किचन, चटईक्षेत्र 310 चौरस फूट. नवरा 67 वर्षांचा, बायको 63 ची. तीन वर्षांपूर्वी दोघं चिपळूणजवळच्या गावी राहायला गेली. खोली विकली नाही, भाड्यानं दिली नाही. कारणं तीन. बायकोच्या काचबिंदूची दर चार महिन्यांनी मुंबईत तपासणी. मुलगी मुलुंडला, पण तिच्या दोन खोल्यांत सासू-सासरे आणि दोन मुलं, तिथे चार दिवस पथारी टाकणं कोणालाच सोयीचं नाही. आणि तिसरं, जे कोणी कागदावर लिहीत नाही: अचानक दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर शहरात स्वतःचं स्वयंपाकघर हवं.

पहिल्या वर्षी त्यांनी खोली "बंद केली" म्हणजे एवढंच केलं: खिडक्या लावल्या, मेन स्विच पाडला, गॅसचं बटण फिरवलं, दाराला मोठं कुलूप घातलं. जानेवारीत गेले ते मार्चमध्ये चार दिवस आले. त्यानंतर थेट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या बिऱ्हाडातून फोन आला: "काका, आमच्या बाथरूमचं छत ठिबकतंय. तुमच्याकडे कोणी आहे का?"

पाणी कुठून आलं

या इमारतीत पाणी चोवीस तास नसतं. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, पंपानं गच्चीवर चढतं आणि सोसायटी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास व्हॉल्व्ह उघडून घराघरांत सोडते. म्हणून प्रत्येकानं बाथरूमच्या माळ्यावर 200 लिटरची प्लॅस्टिकची टाकी बसवली आहे. टाकी भरली की बॉल कॉक वर येतो आणि पाणी बंद करतो. जास्तीचं पाणी जाण्यासाठी टाकीला पाऊण इंची ओव्हरफ्लो पाइप आहे, तो बाथरूमच्या फरशीवर मोकळा सोडलेला.

कुलूप उघडलं तेव्हा बाथरूममध्ये दोन इंच पाणी होतं. बॉल कॉकचा प्लॅस्टिकचा बॉल सांध्यावर केसभर तडकला होता. हातात घेऊन कानाशी हलवला तर आत पाणी डुचमळत होतं. बॉलमध्ये पाणी शिरलं की तो जड होतो, पूर्ण वर येत नाही, आणि कॉक जेमतेम अर्धा मिटतो. घरात माणूस असेल तर ओव्हरफ्लोचा आवाज पहिल्याच दिवशी कानावर पडतो, आणि 150 रुपयांत बॉल बदलून विषय संपतो. इथे ऐकायला कोणी नव्हतं. बारीक धार धरली, मिनिटाला दीड लिटर, तरी दिवसाच्या दोन तासांत 180 लिटर पाणी फरशीवर येत होतं.

ते नहाणीतून, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या तोंडातून, वाहून जायला हवं होतं. गेलं नाही, कारण नहाणीच्या जाळीवर साबणाचा साका आणि केस मार्चपासून वाळून त्यांची चकती झाली होती. वापरातल्या बाथरूममध्ये असा थर ओलाच राहतो आणि रोजच्या पाण्यानं सरकतो. सुकला की पापडासारखा बसतो. फट बारीक उरली, पाणी साचत गेलं, फरशीच्या सांध्यांतून खालच्या कोब्यात मुरलं आणि तिथून स्लॅबमध्ये. बाथरूमचा कोबा 1989 चाच होता. रोजच्या तासाभराच्या ओलीला तो पुरत होता. आठवडेच्या आठवडे उभ्या पाण्याला पुरला नाही.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीनं पाहायची. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे झालेली गळती त्या सभासदानं स्वखर्चानं. त्यामुळे वादाला जागा नव्हती. गंमत अशी की अशा वेळी दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा रंगाऱ्याला बोलावतात. ओल्या छतावर रंग महिनाभरही टिकत नाही. इथे क्रम बरोबर ठेवला, तो असा:

आधी पाण्याचा मूळ स्रोत बंद. बॉल बदलला, टाकी रिकामी केली. मग तीन आठवडे बाथरूम पूर्ण कोरडं ठेवलं, खिडकी उघडी, खालच्यांच्या छताला हात लावायचा नाही. छतावर पांढरे क्षार फुटले, ते येणारच. ओल बाहेर पडत असल्याची ती खूण. त्यानंतर पाण्याची परीक्षा: नहाणीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर एक इंच पाणी भरलं, भिंतीवर पातळीला पेन्सिलची रेघ मारली आणि 24 तास ठेवलं. पातळी बोटभर उतरली आणि खाली नहाणीच्या पाइपाभोवतीच ओलं वर्तुळ दिसलं. म्हणजे दोष सगळ्या फरशीत नव्हता, नहाणी आणि स्लॅब यांच्या सांध्यात होता. अख्खी फरशी उखडायला निघालेल्या कंत्राटदाराचं 55,000 चं अंदाजपत्रक बाजूला ठेवून नहाणीभोवतीचा दीड फूट चौकोन फोडला, नवी नहाणी बसवून सांधा न आकसणाऱ्या ग्राउटनं भरला, उरलेल्या फरशीचे सांधे खरवडून इपॉक्सीनं भरले. खर्च 14,000. खालच्यांच्या छताचे पोपडे काढून पॅच आणि रंग 6,500. पुन्हा 48 तास पाणी भरून पाहिलं, रेघ जागची हलली नाही, आणि मगच खालचा रंग लावला.

वास, झुरळं आणि बुरशी

दार उघडल्यावर पहिली गोष्ट नाकाला लागली ती गटाराचा वास. फरशीवर दोन इंच पाणी असताना हा वास कुठून? बाथरूमची नहाणी पाण्याखाली होती, पण किचनच्या ओट्याखालची नहाणी आणि संडासचं भांडं कोरडं होतं. प्रत्येक ट्रॅपच्या, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपाच्या, वाकात थोडं पाणी अडून राहतं आणि तेच पाणी गटारातली हवा, झुरळं आणि डास अडवतं. नव्या ट्रॅपमध्ये हे पाणी 50 मिलिमीटर असतं, जुन्या उथळ नहाणीत त्याच्या निम्मंही सापडत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात महिना-दीड महिन्यात ते उडून जातं. मग घर आणि गटार यांच्यात काहीच उरत नाही. सिंकची परिस्थिती आणखी वाईट: आपल्याकडे सिंकचा नळीदार पाइप बहुतेक ठिकाणी सरळ ओट्याखालच्या नहाणीत खुपसलेला असतो, त्याला स्वतःचा पाण्याचा अडसर नसतोच. नहाणी कोरडी झाली की सिंकच्या भोकातून थेट झुरळं वर.

उपाय स्वस्त आहे. जाताना प्रत्येक नहाणीत आणि भांड्यात तांब्याभर स्वच्छ पाणी, आणि त्यावर दोन-तीन चमचे तेल. तेलाचा पातळ थर पाणी उडू देत नाही. कोणतं तेल, याला महत्त्व आहे. खोबरेल घालू नका. 24 अंशांच्या खाली ते थिजतं आणि डोंबिवलीत जानेवारीच्या पहाटे तेवढी थंडी पडते. शेंगदाण्याचं तेल चालतं पण महिन्यानं खवट होतं आणि झुरळांना खाद्य ठरतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन सगळ्यांत बरं, 100 मिलिलिटरची बाटली तीन-चार फेऱ्यांना पुरते. वरून जाळीवर प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यावर पालथी वाटी.

बुरशी कपाटाच्या मागे होती. प्लायवुडचं नव्हे, भुशाच्या फळीचं कपाट, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं. पावसात ती भिंत दिवसेंदिवस गार आणि ओली राहते, मागे हवा खेळत नाही, त्यामुळे पाठीची फळी फुगून पोटासारखी पुढे आली. आतल्या गोधड्यांवर काळे ठिपके. डांबराच्या गोळ्या भरपूर टाकलेल्या होत्या. त्या कसर लागू देत नाहीत, ओलीवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. पुढच्या वर्षी कपाट आतल्या भिंतीला सरकवलं, मागे चार इंच जागा सोडली, दारं उघडी ठेवली. गोधड्या आणि कापसाची गादी गावी नेली. इथे आता फोमच्या दोन गाद्या, त्या उभ्या करून भिंतीपासून सुट्या ठेवायच्या, आणि चादरी-टॉवेल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. धान्याच्या कोठीचा हा जुना डबा प्लॅस्टिकच्या कुठल्याही व्हॅक्यूम पिशवीपेक्षा चांगलं काम करतो.

कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे बाजारात मिळतात. बंद कपाटात ते उपयोगी आहेत, अख्ख्या खोलीत नाहीत; खोलीला हवेतून जेवढी ओल मिळते तिच्यापुढे 600 मिलिलिटरचा डबा म्हणजे समुद्रात तांब्या. आणि जुलैत डबा भरला, कोणी ओतला नाही आणि कलंडला, तर ते खारं पाणी कपाटाची फळी आणि लोखंडी बिजागऱ्या दोन्ही खाऊन टाकतं. ठेवायचाच तर थाळीत ठेवावा.

खिडक्यांबद्दल दोन मतं असतात. आमचं मत: मुख्य खिडक्या बंद, पण संडास-बाथरूमच्या काचपट्ट्या उघड्या आणि त्यांना आतून बारीक स्टीलची जाळी. आतली सगळी दारं उघडी. हवेची थोडी तरी ये-जा राहते. जाळी नसेल तर मात्र पट्ट्या उघड्या ठेवू नका. एका महिन्यात कबुतरांची दोन घरटी होतात आणि ती साफ करण्यापेक्षा बुरशी परवडली.

46 रात्रींचा हिशेब

गळतीनंतर मुलीनं विचारलं, ते सगळेच विचारतात: ही खोली ठेवायची कशाला? उत्तर भावनेवर सोडण्यापेक्षा वही काढलेली बरी. दुसऱ्या वर्षी दोघं सात फेऱ्यांत मिळून 46 रात्री राहिली. त्या वर्षीचा खर्च:

सोसायटीचं मासिक बिल 1,450 प्रमाणे 17,400. मालमत्ता कर 4,200. वीज 3,200. देखरेखीच्या बाईंना महिना 500 प्रमाणे 6,000. विमा 1,800. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले 12,000. एकूण 44,600. भागिले 46, रात्रीला साधारण 970 रुपये.

इथे बहुतेकांची वही मिटते, आणि तिथेच चूक होते. हीच खोली लिव्ह अँड लायसन्सनं 9,000 ला गेली असती. 11 महिन्यांचे 99,000 आले नाहीत, ते खर्चातच धरायला हवेत. मग वर्षाचा आकडा 1,43,600 होतो आणि एक रात्र पडते 3,122 रुपयांना. एवढ्यात ठाणे-डोंबिवलीत हॉटेलची चांगली खोली मिळते. पण फेऱ्यांची फोड केली तेव्हा चित्र निराळं दिसलं. 46 पैकी 19 रात्री एकाच सलग मुक्कामाच्या होत्या, काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या. डोळ्यात दर काही तासांनी थेंब, धूर-धूळ टाळायची, पथ्याचं घरचं जेवण, भेटायला येणारे नातेवाईक. हा मुक्काम हॉटेलात होत नाही आणि मुलीकडेही झाला नसता.

आमचा ढोबळ नियम असा: वर्षाला 30 रात्रींच्या आत वापर असेल आणि त्यातली एकही फेरी आठवड्याहून लांब नसेल, तर खोली भाड्यानं द्यावी आणि येताना लॉज घ्यावं. 40 च्या पुढे आणि आजारपणाचं कारण असेल तर ठेवण्यात अर्थ आहे. मधल्या पट्ट्यात असाल तर वापर वाढवता येतो का बघा. सख्खा भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी अधूनमधून राहिले तर सोसायटीचं बिनवापर शुल्क (घर दुसऱ्याला राहायला दिल्याबद्दलचा आकार) लागत नाही. भाच्या-पुतण्याला वर्षभर ठेवलं की समितीचे कान टवकारतात.

या बिनवापर शुल्कावरून बऱ्याच ठिकाणी गोंधळ असतो. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा शासनाचा आदेश 1 ऑगस्ट 2001 चा आहे, आणि ते लागतं घर भाड्यानं दिलं तर. नुसतं कुलूप असलेल्या घराला ते लावायचं नसतं. या सोसायटीनं पहिल्या वर्षी दोनदा लावलं होतं; लेखी पत्र दिल्यावर पुढच्या बिलात वळतं केलं. थकबाकीवर मात्र वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, त्यामुळे "आल्यावर भरू" हा प्रकार महाग पडतो. बिल ऑनलाइन, दर तिमाहीला आगाऊ.

बंद करायची रीत

दुसऱ्या वर्षापासून किचनच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. निघायच्या आदल्या रात्री सुरुवात होते, कारण फ्रिज सुकायला वेळ लागतो. (खरं तर वर्षातून 46 रात्रींसाठी फ्रिज हवाच का? दूध रोज आणता येतं. पण डोळ्यांचे काही थेंब थंड ठेवावे लागतात, म्हणून 50 लिटरचा छोटा फ्रिज ठेवला.) फ्रिज बंद करून आतून कोरडा पुसायचा, मागचा पाण्याचा ट्रे ओतायचा आणि दारात दुमडलेला नॅपकिन अडकवून ते दोन बोटं उघडं ठेवायचं. मिटलेल्या दारामागे चार दिवसांत काळी बुरशी धरते आणि रबरी गॅस्केटमधून ती कधीच पूर्ण जात नाही.

सकाळचा क्रम असा, आणि तो बदलायचा नाही:

1. गिझरचं बटण आणि गिझरचा वेगळा एमसीबी (बोर्डातला सुरक्षा स्विच) बंद. त्यावर कागदी पट्टी: "आधी पाणी, मग बटण". रिकाम्या साठवणुकीच्या गिझरला वीज दिली की कॉइल जळते; परत आल्यावर घाईत हे हमखास घडतं.
2. गच्चीवरचा आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद. जुना चाकाचा गेट व्हॉल्व्ह दहा वर्षं न फिरवल्यानं जाम झाला होता. जागी पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवला, पाव फेऱ्यात मिटतो. त्यावर खोली नंबर ऑइल पेंटनं. सोसायटीचा पाणी सोडणारा माणूस नाहीतर दुसऱ्याचा व्हॉल्व्ह समजून उघडतो.
3. किचनचा नळ उघडून माळ्यावरची टाकी पूर्ण रिकामी, मग नळ बंद. फ्लशचा अँगल कॉक बंद, एकदा फ्लश.
4. नहाणीच्या जाळ्या काढून ब्रशनं घासून परत. नंतर पाणी, लिक्विड पॅराफिन, पालथी वाटी.
5. बादल्या, टब, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या. डासांची अळी आठवड्या-दहा दिवसांत डास होते आणि पावसाळ्यात पालिकेचे लोक हेच बघायला येतात.
6. रिमोट, घड्याळ, टॉर्चमधले सेल बाहेर.
7. कचरा, कांदे-बटाटे, उघडी साखर, काड्यापेटी नाही. मीठ चालतं.
8. मेन स्विच सगळ्यांत शेवटी.

एकूण 40 मिनिटं. गाडी दुपारची असेल तर घाई होत नाही. पहाटेच्या गाडीला ही यादी अर्धी राहते, म्हणून त्यांनी परतीचं तिकीट दुपारनंतरचंच काढायचं ठरवलं.

दाराबाहेरचं मोठं कुलूप काढलं. ते लांबूनच सांगतं की घरात कोणी नाही. सेफ्टी डोअरला आणि आतल्या दाराला दोन्हीकडे आतून बसणारी लॅच कुलपं आहेत. त्यांत तेल घालू नये, धूळ धरून घट्ट होतात; पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते. किल्ल्यांचे तीन जोड: एक गावी, एक मुलुंडला, एक समोरच्या बिऱ्हाडात. समोरच्यांना व्हॉल्व्ह कुठला तेही गच्चीवर नेऊन दाखवून ठेवलं आहे.

पंधरवड्याची फेरी

यादी कितीही चांगली पाळली तरी चार महिन्यांच्या बंद घराला माणसाचा पाय लागावा लागतो. त्याच इमारतीत दोन घरी काम करणाऱ्या एक बाई महिन्यातून दोनदा येतात, प्रत्येक वेळी 25 मिनिटं. झाडू-फरशी त्यांना सांगितलेली नाही. सांगितली असती तर तेच झालं असतं आणि बाकीचं राहिलं असतं. काम एवढंच: खिडक्या उघडायच्या; खालून आणलेल्या बादलीतलं पाणी प्रत्येक नहाणीत आणि भांड्यात ओतायचं; बाथरूमचं छत, कपाटामागची भिंत आणि खिडकीखालचा कोपरा हाताच्या पालथ्या बाजूनं चाचपायचा, गार-ओलं लागलं तर कळवायचं; पत्रपेटी रिकामी करायची; आणि तीन ठरलेल्या जागांचे फोटो पाठवायचे. फोटोचा उपयोग दुहेरी आहे. फेरी झाली हे कळतं, आणि डाग वाढला की नाही हे मागच्या फोटोशी ताडून बघता येतं. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या चौकटीखालून पाणी झिरपत असल्याचं अशाच दोन फोटोंतून जुलैतच दिसलं. बाहेरच्या भिंतीची तड म्हणून ती सोसायटीनं भरली.

वीज आणि गॅस

वीज महावितरणची. शून्य युनिट वापरलं तरी स्थिर आकार येतोच, महिन्याला सव्वाशेच्या पुढे. तो वाचवण्यासाठी कनेक्शन तोडून घेण्याची कल्पना सोडून द्या. पुन्हा जोडताना जास्त जातं. बिल न भरल्यास 15 दिवसांच्या नोटिशीनंतर पुरवठा तोडता येतो आणि ती नोटीस बंद दारावर लागली तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून बिल बँकेतून आपोआप जाईल असं करून ठेवलं. स्मार्ट मीटर बसला असेल तर मोबाइलवर रोजचा वापर दिसतो. मेन पाडलेल्या घरात युनिट चढू लागलं तर कुणीतरी तुमच्या मीटरवरून वीज घेत आहे किंवा वायर कुठेतरी उतरली आहे.

गॅसचा प्रश्न वेगळा. एका कुटुंबाला घरगुती सिलिंडरचं एकच कनेक्शन, ते गावच्या पत्त्यावर हलवलेलं. इथे 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, तो पहिल्या वर्षी आणला होता. पण बंद घरात सिलिंडर ठेवून जाणं आणि उंदरांनी नळी कुरतडणं हा धोका 46 रात्रींसाठी कशाला? तो परत करून 2,000 वॅटची इंडक्शन शेगडी घेतली. ओट्याजवळचा पॉइंट 6 अँपियरचा होता, त्यावर ती चालवली तर प्लग वितळतो. बोर्डातून थेट 4 चौरस मिलिमीटरची वायर ओढून 16 अँपियरचा पॉइंट आणि सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली. खर्च 3,800. तवा आणि कुकर लोहचुंबक चिकटेल असेच लागतात, आणि भाकरी मात्र गॅससारखी फुगत नाही, हे मालकीणबाईंनी दोनदा सांगितलं.

कागद आणि सभा

प्राप्तिकरात फार गुंता नाही. आर्थिक वर्ष 2019-20 पासून स्वतःच्या वापरातल्या दोन घरांचं वार्षिक मूल्य शून्य धरता येतं. त्याआधी दुसऱ्या घरावर काल्पनिक भाडं दाखवावं लागे. गावचं आणि डोंबिवलीचं मिळून दोनच, त्यामुळे प्रश्न मिटला. तिसरं असतं तर त्याचा हिशेब करावा लागला असता.

विम्याचा कागद मात्र बारीक अक्षरासह वाचावा. अनेक पॉलिसींत घर सलग 30 दिवसांहून जास्त बंद राहिलं आणि कंपनीला आधी कळवलं नाही, तर चोरीचं संरक्षण उरत नाही. त्यांनी प्रस्तावातच "अधूनमधून वापर" असं लिहून घेतलं. मौल्यवान वस्तू तसंही तिथे काही नाही. मूळ भागपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), खरेदीखत आणि नोंदणीची पावती पहिल्या वर्षी कपाटात होती, त्या ओलसर कपाटात. आता चिपळूणच्या बँक लॉकरमध्ये. नामनिर्देशनाचा अर्ज सोसायटीकडे दिला, पोच घेतली.

सगळ्यांत मोठी जोखीम भिंतींत नाही, नोटीस बोर्डावर आहे. आदर्श उपविधींप्रमाणे 30 वर्षांवरील इमारतीचं दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असतं. इथे ते झालं, अहवालात खांबांची दुरुस्ती सांगितली, आणि दुरुस्तीच्या आकड्यावरून गाडी पुनर्विकासाकडे वळली. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार त्यासाठी 51 टक्के सभासदांची संमती पुरते. 16 जणांत म्हणजे नऊ. बंद घराचा मालक दहावा असला तर त्याच्यावाचून निर्णय होतो, नववा असला तर सगळे त्याच्या फोनची वाट बघतात. दोन्ही परिस्थितींत चटईक्षेत्र किती, बांधकामाच्या काळातलं भाडं किती, बँक हमी कितीची, हे त्यानं सभेतच विचारायला हवं. पुढे इतिवृत्त वाचून काही हाती लागत नाही. म्हणून दोघांनी सचिवांना गावचा पत्ता, ई-मेल आणि मुलीचा नंबर लेखी दिला आणि प्रतीवर शिक्का घेतला. गटावरच्या मेसेजवर विसंबून राहिले नाहीत.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, नोटीस 14 दिवस आधी येते आणि रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. गणपतीनंतर मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांत 14 दिवस आधी जागा मिळत नाही. त्यांनी जुलैच्या शेवटी सचिवांना फोन करून अंदाजे रविवार विचारला आणि त्याच्या आदल्या शुक्रवारचं तिकीट काढून ठेवलं. डोळ्यांची तपासणीही त्याच शुक्रवारपासूनच्या आठवड्यात घेतली. सभेच्या विषयपत्रिकेत पुनर्विकास सहाव्या क्रमांकावर आहे.